वादळाचा इशारा आला की गावी फोन कसा करायचा

नोकरी पुण्यात, घर कोथरूडला नाहीतर धायरीला, आणि आईबाबा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली किंवा देवगडकडच्या कौलारू घरात. अशा कुटुंबांत अरबी समुद्रात वादळाची बातमी आली की ठरलेला संवाद होतो. इकडून "काळजी घ्या हं", तिकडून "आम्ही काय कमी वादळं बघितलीत?" आणि फोन बंद. या फोनने एक कौलसुद्धा वाचत नाही. त्याऐवजी काय बोलायचं, कोणत्या तासाला बोलायचं आणि पुण्यात बसून नेमकं काय करता येतं, ते इथे दिलं आहे.

आधी इशारा स्वतः नीट वाचा

टीव्हीवरच्या लाल गोलाकडे पाहून फोन लावू नका. हवामान खात्याचं मूळ पत्रक 'मौसम'च्या संकेतस्थळावर मिळतं. डिप्रेशनचं (समुद्रावरच्या कमी दाबाच्या तीव्र क्षेत्राचं) चक्रीवादळ झालं की ते दर तीन तासांनी नवं येतं. त्यात पाहायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: वादळाचा दर्जा, वाऱ्याचा वेग, किनाऱ्यावर येण्याची जागा आणि वेळ, आणि इशाऱ्याचा टप्पा.

दर्जा वाऱ्याच्या वेगावर ठरतो. ताशी 62 ते 88 किलोमीटर म्हणजे चक्रीवादळ, 89 ते 117 तीव्र, 118 ते 165 अतितीव्र. त्यापुढेही दोन पायऱ्या आहेत. आकडे घरच्यांना पटवताना एवढं सांगा की वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. पावसाळ्यात ताशी 60 चा वारा सोसणारं छप्पर 120 ला टिकेलच असं नाही, कारण त्याच्यावर तेव्हा चारपट जोर असतो. "दरवर्षी वारा येतो, काय होतंय" याला हे सरळ उत्तर आहे.

टप्पे चार: साधारण 72 तास आधी पूर्वसूचना, 48 तास आधी पिवळा इशारा, 24 तास आधी नारिंगी, आणि शेवटचे 12 तास उरले की लाल. पण अरबी समुद्रातली वादळं कधी कधी किनाऱ्याजवळच जन्मतात आणि पहिला टप्पा जवळजवळ मिळतच नाही. निसर्ग वादळाचं 1 जून 2020 ला डिप्रेशन झालं आणि 3 जूनच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. हातात होते जेमतेम अडीच दिवस. त्यामुळे "चक्रीवादळ" हा शब्द येईपर्यंत थांबायचं नाही. मे-जून किंवा ऑक्टोबर ते डिसेंबर या दिवसांत पूर्व-मध्य अरबी समुद्रात डिप्रेशन झाल्याचं दिसलं की पहिला फोन करायचा.

वादळाच्या मार्गाचा जो फुगत जाणारा पट्टा नकाशात दिसतो, त्याच्या मधल्या रेघेला फार मान देऊ नका. 24 तास आधीच्या अंदाजातही केंद्राची जागा सरासरी 75-80 किलोमीटरनी चुकते. अलिबाग ते श्रीवर्धन सरळ रेषेत अंतर त्याहून थोडं कमीच आहे. गावातून हमखास येणारं वाक्य म्हणजे "ते अलिबागला येणार म्हणतायत, आपल्याकडे नाही." याला नकाशा उघडून उत्तर द्या. आपल्या गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. पश्चिम किनाऱ्यावर वादळ येतं तेव्हा केंद्राच्या दक्षिणेकडच्या गावांत वारा समुद्रावरून जमिनीकडे घुसतो, म्हणजे लाटा आणि खाडीचं पाणीही त्याच बाजूला. निसर्गच्या वेळी बातम्यांत नाव अलिबागचं होतं, पण दिवेआगर, श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या.

वादळ किनाऱ्याला न लागताही नुकसान करतं. मे 2021 मधलं तौक्ते गुजरातला जाऊन धडकलं, पण जाताना सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या आंब्याची वाट लावून गेलं. तेव्हा "आपल्याला नुसतं घासून जाणार" हे काही समाधान नाही.

बंदराजवळच्या गावांत बावट्याचा, म्हणजे बंदरावर लावलेल्या धोक्याच्या खुणेचा, नंबर लगेच कळतो. तीन नंबर म्हणजे सावधगिरीचा स्थानिक इशारा, आठ ते दहा म्हणजे महाधोका. ज्यांचा मोबाइलवरच्या नकाशांवर विश्वास नाही त्यांचा बावट्यावर असतो. म्हणून हवामान खात्याबरोबर बावट्याचंही नाव घ्या.

समजावायचं नाही, काम सांगायचं

"येणार की नाही" या वादात पडलात की हरलात, कारण भविष्य तुम्हालाही माहीत नाही आणि बाबांनाही नाही. वाद टाळून एका फोनला एक काम द्या, आणि ते काम आज संध्याकाळपर्यंत होण्यासारखं असू द्या. "सगळी तयारी करून ठेवा" हे काम नव्हे. "बाबा, रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्यात, तेवढ्या मोजून सांगता का?" हे काम आहे. मोजल्या की पाचच उरल्यात हे त्यांच्याच तोंडून येतं आणि पुढचं तुम्हाला बोलावं लागत नाही.

भीती घालून फार काही साधत नाही. आकडा तर कधीच फुगवू नका. पत्रकात 100 ते 110 लिहिलं असताना तुम्ही "दोनशेचा वारा आहे" म्हणालात आणि प्रत्यक्षात 70 चा आला, तर पुढच्या वर्षी तुमचा फोन कोणी ऐकणार नाही. दुसऱ्या देशातल्या जुन्या वादळाचे व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणारा एक भाऊ प्रत्येक घरात असतो. त्याला आधी आवरा. एका घरातून एकानेच बोलायचं हे भावंडांनी आपसात ठरवून घ्या. चार जणांनी चार वेगळे आकडे सांगितले की म्हातारी माणसं सगळेच आकडे सोडून देतात.

ज्यांनी निसर्ग सोसलंय त्यांना तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांनाच विचारा. "तेव्हा पहिलं कौल कुठलं उडालं? लाईट किती दिवसांनी आली? पाणी कुठून आणत होतात?" काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले होते. माणूस स्वतः आठवून सांगू लागला की यादी आपोआप तयार होते, आणि ती तुमची नसते, त्यांची असते. मग फक्त म्हणा, "मग या वेळी ते दोन दिवस आधी करून घेऊ या."

नकारामागे बहुतेक वेळा हट्ट नसतो, अडचण असते. ती बोलली जात नाही इतकंच. घर सोडायला आई तयार नसेल तर कारणं साधारण ही असतात: गोठ्यातली गाय, देवाची पूजा, चोरी होईल ही धास्ती, शाळेतल्या निवाऱ्यात संडासाची सोय कशी असेल ही शंका, आणि दुसऱ्याच्या घरी ओझं होण्याचा संकोच. "आई, हट्ट करू नकोस" म्हटल्याने यातलं एकही सुटत नाही. गाय असेल तर गोठ्यात बांधून ठेवायची नाही, दावं सोडून मोकळ्या उंच जागेत ठेवायची, हे आधी ठरवा. देव पिशवीत घालून बरोबर न्यायला सांगा, यात कमीपणा काही नाही. गुडघे दुखत असतील तर कमोडची खुर्ची आत्ताच पाठवून द्या. ओझ्याचा प्रश्न असेल तर स्लॅबच्या घरवाल्या शेजाऱ्यांना तुम्हीच पुण्याहून फोन करून "आईला तुमच्याकडे पाठवतोय, चालेल ना?" असं विचारा. त्यांच्याकडून बोलावणं गेलं की आई जाते.

आणखी एक उपाय बहुधा लागू पडतो. बाबा स्वतःसाठी घर सोडत नाहीत, पण "पलीकडच्या काकू एकट्या आहेत, त्यांना तुम्ही शाळेत घेऊन जा, त्या तुमचंच ऐकतील" असं म्हटलं की निघतात. काही घरांत मुलाचं ऐकत नाहीत पण पोलीस पाटलांचं किंवा नेहमीच्या डॉक्टरांचं ऐकतात. मग फोन त्यांना करा. मान कोणाच्या शब्दाला आहे हे तुम्हाला ठाऊकच असतं, फक्त तिथे आपला अहंकार आणू नये.

तीन दिवस हातात असताना

सगळ्यात आधी माडावर चढणारा माणूस गाठायचा. घरावर झुकलेल्या माडाचे नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवायच्या, छपरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या तोडायच्या. इशारा पिवळा झाला की हा माणूस मिळत नाही, कारण तोवर सगळ्या वाडीला त्याची आठवण होते. पैसे पुण्याहून पाठवता येतात, तेव्हा "कशाला खर्च" हा मुद्दा निघालाच तर तिथेच संपवा.

त्याच दिवशी औषधं, किमान पंधरा दिवसांची. इन्सुलिन असेल तर वापरात असलेलं पेन फ्रिजबाहेर, 30 अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं. नेमकी मुदत वेष्टनावर असते. न उघडलेल्या पेनांसाठी मातीचं मडकं ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवायचं आणि पेनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत ठेवायची, म्हणजे ओल लागत नाही.

मग कागद. सातबारा, 8अ, घरपट्टीची पावती, आधार, बँकेचं पासबुक, विम्याची पॉलिसी: सगळ्याचे फोटो काढून तुम्हाला पाठवायचे, मूळ कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. घराचे चारही बाजूंनी, छपराचे आणि बागेचे फोटोही. झाडं मोजून घ्या: माड किती, पोफळी किती, कलमं किती आणि किती वर्षांची. वादळानंतर पंचनाम्याच्या वेळी पडलेल्या झाडांवरून वाद होतात तेव्हा हा हिशेब कामी येतो. जे बाबा "काही होत नाही" म्हणून बाकी सगळं टाळतात, तेही बाग मोजायला मात्र आनंदाने निघतात. सुरुवात तिथूनच करा.

पुण्यातून पाठवायचं सामान रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात मिळतं: 200 जीएसएम (दर चौरस मीटरला 200 ग्रॅम) किंवा त्याहून जाड ताडपत्री, 10-12 मिलिमीटरचा नायलॉनचा दोर, दोन एलईडी टॉर्च, 20,000 एमएएचची पॉवर बँक, सेलवर चालणारा रेडिओ. पातळ निळी ताडपत्री घेऊ नका, ती पहिल्या झोतात कडांना फाटते. ताडपत्री छपराच्या मापाच्या दोन्ही बाजूंना हातभर जास्त हवी, शिवाय कडेची कडी लोखंडी नको, गंजते. हे एसटीने किंवा गावी जाणाऱ्या गाडीबरोबर पिवळ्या इशाऱ्याच्या आत पोचलं पाहिजे.

छप्पर

कोकणातल्या घरात खरं नुकसान इथेच होतं. वारा वळचणीच्या खालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो. म्हणून आधी जातात ती कडेची कौलं आणि आढ्यावरचे कोने. पत्रा असेल तर कडेच्या, कोपऱ्याच्या आणि आढ्याजवळच्या ओळीतले हुक तपासायला सांगा. गंजलेले बदलायचे, वायसर कुजले असतील तर नवे घालायचे, आणि कडेच्या ओळीत हुक मधल्यापेक्षा जवळजवळ लावायचे.

पत्र्यावर सुटे दगड ठेवायची जुनी सवय मोडा. वारा जोराचा आला की तेच दगड अंगणात माणसांवर येतात. वजन ठेवायचंच तर वाळूची दोन पोती एका दोराच्या दोन टोकांना बांधून आढ्यावरून दोन्ही उतारांवर सोडायची.

हे सगळं गवंडी किंवा सुतार करेल, 70 वर्षांचे बाबा नाही. फोनवर हे स्पष्ट बोलून घ्या, कारण "माणूस मिळाला नाही म्हणून मीच चढलो" हे तुम्हाला नंतर कळतं. 24 तासांच्या आत वर कोणीच चढायचं नाही. उडालं तर उडालं. शे-दोनशे जादा कौलं मागच्या पडवीत रचून ठेवलेली असली की बस. वादळानंतर कौलं आणि पत्रे मिळत नाहीत, मिळाले तर दर चढलेले असतात.

शेवटचे 24 तास

वीज जाणार आणि लवकर येणार नाही हे धरून चला. त्यातून तीन गोष्टी निघतात.

पाणी: वीज नाही म्हणजे पंप नाही. विहीर असली तरी रहाट-दोर-पोहरा चालू आहे का ते आजच बघायचं. पिण्याचं पाणी माणशी रोज 3 ते 4 लिटर धरून आठवडाभराचं भरायचं, म्हणजे दोघांना 50 लिटरच्या आसपास. हंडे, कळशा, झाकणाची पिंपं सगळी भरा. छतावरची प्लॅस्टिकची टाकी रिकामी ठेवू नका, रिकामी टाकी उडते.

पैसा: मोबाइलवरून पैसे देणं बंद, एटीएम बंद. पाच ते दहा हजार रोख, त्यातल्या बऱ्याचशा शंभराच्या नोटा. पाचशेची मोड गावात कोणाकडेच नसते.

फोन: मोबाइलचे टॉवर बॅटरीवर काही तास चालतात, मग जातात. आधीच ठरवा: फोन एरवी बंद, सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 ला पंधरा मिनिटं चालू. बोलणं नाही, एसएमएस: "दोघे ठीक, शाळेत." रेंज अर्धवट असताना एसएमएस जातो, कॉल लागत नाही. तो पुण्यातल्या एकालाच, आणि तो पुढे बाकीच्यांना सांगेल. दहा नातेवाइकांनी आळीपाळीने फोन करून बॅटरी संपवणं हा आपल्याकडचा मोठा घात आहे. एक दिवस संदेश आला नाही तर घाबरून गाडी काढायची नाही, हेही ठरवून ठेवा.

त्याशिवाय पुण्यात बसून 1077 हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक फिरवला तर तो पुणे जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात लागण्याची शक्यता जास्त. रायगडचा, रत्नागिरीचा किंवा सिंधुदुर्गचा कक्ष आणि तुमचं तहसील कार्यालय यांचे थेट क्रमांक एसटीडी कोडसकट आधीच लिहून ठेवा. तलाठी आणि सरपंचांचेही.

कुठे बसायचं हे नारिंगी इशारा येताच ठरलं पाहिजे. कौलारू घर, खाडीच्या काठचं घर, डोंगराच्या उताराखालचं घर: या तिन्हींतून बाहेर. स्लॅबचं घर किंवा शाळा, आणि त्यातही खिडक्या नसलेली मधली खोली. निघायचं ते उजेडात आणि वारा सुरू व्हायच्या आत. "बघू, वाढलं तर जाऊ" हे चालत नाही, कारण वाढल्यावर वाटेत झाडं पडायला लागलेली असतात. खाडीकाठच्यांनी भरतीची वेळही बघावी. निसर्ग आलं ते वटपौर्णिमेच्या दोनच दिवस आधी, उधाणाच्या भरतीच्या दिवसांत. अशा वेळी वादळाने ढकललेलं पाणी भरतीवर चढतं.

घरातून निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद, वीजेचा मुख्य खटका बंद, खिडक्या-दारं सगळी लावलेली. "एक खिडकी उघडी ठेवा, दाब सुटतो" हे जुनं सांगणं चुकीचं आहे. वाऱ्याच्या बाजूची एक खिडकी उघडी राहिली की वारा आत शिरून छपराला आतून धक्का देतो.

आणि मधेच सगळं शांत झालं तर बाहेर यायचं नाही, हे दोनदा सांगा. वादळाचा डोळा गावावरून जाताना वारा पडतो, ऊनही दिसतं, लोक अंगणात येऊन कौलं गोळा करायला लागतात. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने, तेवढ्याच जोराने येतो, आणि पहिल्या झोतात सैल झालेलं दुसऱ्यात उडतं. रेडिओवर किंवा ग्रामपंचायतीकडून संपल्याचं कळेपर्यंत आतच.

वादळ गेल्यावर

पुण्याहून लगेच निघू नका. ताम्हिणी, वरंध, कुंभार्ली हे घाट त्याच पावसात दरडींनी बंद होतात. रस्ता मोकळा झाल्याची खात्री झाल्यावर, दिवसाउजेडी, दोन गाड्यांनी निघा. बरोबर पाणी, सुका शिधा, ताडपत्री, दोर, कोयता, हातमोजे. गावातली दुकानं रिकामीच असणार असं समजा.

तोपर्यंत फोनवर सांगायचं ते थोडकं: पडलेली तार चालू आहे असंच समजायचं, ओलांडायची नाही, महावितरणला 1912 वर कळवायचं. पडझडीत हात घालताना काठीने आधी हलवायचं, सापविंचू असतात. चिखलापाण्यात अनवाणी नको. अशा पाण्यातून होणारा लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप कोकणाला नवा नाही, ताप आला की त्याच दिवशी आरोग्य केंद्र. विहिरीत बागेचं पाणी शिरलं असेल तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम, बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरची निवळी विहिरीत सोडायची आणि किमान तासभर पाणी वापरायचं नाही. साफसफाई सुरू करण्याआधी पडझडीचे फोटो. आवरून झाल्यावर काढलेल्या फोटोंना पंचनाम्यात किंमत नसते.

आणि काहीच झालं नाही तर

असंही होतं. जून 2019 मध्ये वायू वादळ गुजरातकडे निघालं, माणसं हलवली, आणि ते समुद्रातच वळलं. अशा वेळी बाबा संध्याकाळी फोन करून म्हणतात, "बघ, उगाच धावपळ." त्यांना उत्तर देत बसू नका. गोळ्या पंधरा दिवस चालतीलच, माडाच्या झावळ्या उतरल्याच, बाग मोजून झाली, कागदांचे फोटो आले. "बरं झालं नाही आलं. ताडपत्री कोरडी करून माळ्यावर टाका, ऑक्टोबरात लागेल" एवढं बोला, आणि यादीतलं जे या वेळी जमलं नाही ते लिहून ठेवा.

हाच रिवाज पुण्यातही चालतो. सिंहगड रस्त्याच्या एकता नगरीत 25 जुलै 2024 ला पाणी शिरलं तेव्हा खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग 35,000 क्युसेकच्या (सेकंदाला घनफुटांच्या) वर गेला होता. नदीकाठच्या सोसायटीत तळमजल्यावर सासू-सासरे राहत असतील तर "पाऊस जास्त आहे, सांभाळा" असं म्हणू नका. विसर्ग किती क्युसेकला गेला की कोणत्या मजल्यावर, कोणाकडे जायचं आणि पार्किंगमधली गाडी कुठे न्यायची, हे पावसाळ्याआधीच त्यांच्याशी बसून ठरवा आणि कागद फ्रिजच्या दारावर लावा.